प्रमाण

सार्डिनियातलं आमचं गाव. शिशाची खाण बंद पडली,
मग बॉम्बचा कारखाना आला.
बोनारिया जाळीपलीकडे गुडघे टेकते,
बोटांना ग्रीसचा वास.
"फादर, काल एकशे चाळीस फ्यूज बसवले.
हे कुठल्या आज्ञेखाली येतं?"

सेमिनरीत मला न्याय्य युद्धाच्या अटी तोंडपाठ:
कारण रास्त हवं, उपाय शेवटचा,
निरपराधांना झळ नको,
आणि प्रमाण.
पैकीच्या पैकी मिळाले होते.

तिच्याच पगारातली नोट रविवारी दानाच्या थाळीत पडते,
वेदीवरच्या मेणबत्त्या त्यातूनच.

"तीनदा नमो मरिया म्हण," मी म्हणालो.
एकशे चाळिसांना तीन.

ती हसली बहुतेक. जाळीतून नीट दिसत नाही.
"पोराच्या दातांना तार बसवायचीय, फादर,"
म्हणाली, आणि उठली.
दोनची पाळी होती.