पान उलटून

ताम्पेरेत, ट्रामच्या थांब्यासमोरच्या दुकानात
मी साबणांच्या फळ्या भरतो.
दर गुरुवारी, टोपीवरचा बर्फ दारातच झटकून
सिस्को हाऊतामाकी आत येतात,
खिशात भिंग, कधीकाळी टपाल तिकिटांसाठी घेतलेलं.

बाटली उचलतात, समोरून बघतच नाहीत.
"तोंड कंपनीचं, पाठ आपली,"
म्हणतात, आणि पाठ वाचायला लागतात
नातवाचं प्रगतिपुस्तक वाचावं तशा.

'निसर्गाशी नातं.' कुठलं? सख्खं की चुलत?
'सौम्य.' कुणाला? हाताला, की तळ्यातल्या माशाला?
'नैसर्गिक घटक.' शेकडा दोन की नव्वद?
आकडा नसेल तिथे भिंग नुसतं फिरत राहतं
सांडलेली सुई शोधल्यासारखं.
मग बाटली जागेवर. अगदी जागेवर,
मला पुन्हा लावायला लागू नये म्हणून.

हंसाचं चिन्ह दिसलं तरी हुरळत नाहीत,
खाली परवान्याचा नंबर आहे का बघतात.
"पाखरू कुणीही काढेल.
पायात कडी असेल, तेच कुणीतरी मोजलेलं."

एकदा विचारलं, इतकं कसं कळतं तुम्हाला?
माझ्या हातातली बाटली घेऊन
त्यांनी तिच्यावरच्या पानावर नख ठेवलं.
"हे कुठल्या झाडाचं?"
मी बर्च म्हणालो. मग लिंडन. मग गप्प.

"कुठल्याच नाही. एकोणतीस वर्षं
लेबलांच्या छापखान्यात शाई कालवली मी.
आतला माल तोच असायचा, बरं का.
वास तोच, फेस तोच.
गिऱ्हाईक म्हणायचं, जरा हिरवं करा.
मी पिवळा वाढवायचे."

बराच वेळ फ्रीज घरघरत राहिले.

त्या दिवशी त्यांनी करड्या खोक्यातली पावडर घेतली,
पान नाही, फूल नाही,
मागे बारीक अक्षरात सगळं: काय, किती,
केवढ्या कपड्यांना केवढा चमचा, थंड पाणी चालेल.
पैसे काढताना आठवलं,
घरी अजून अर्धा डबा आहे.
परत ठेवायला स्वतःच गेल्या.

रात्री दुकान बंद करताना
मी सगळ्या बाटल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या,
शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
सकाळी कालेर्वो ओरडला. मालक आहे, ओरडणारच.
मी एकेक सरळ केली.
कोपऱ्यातली एक तेवढी तशीच राहिली.
राहिली म्हणजे, ठेवली.