मांडवीची कीर्द

शके सतराशे दहा, मार्गशीर्ष वद्य तृतीया.
जहाज एक, तीन डोलकाठ्यांचे.
लाल-पांढरे पट्टे पाहून आम्ही म्हणालो, कंपनीचेच.
दुर्बिणीवरचा फिरंगी म्हणाला, थांबा,
कोपऱ्यात चांदण्या आहेत.

वहीत मुलूख लिहायचा, मुलुखाचा राजा लिहायचा.
मी विचारले, राजा कोण?
तो हसला. दात तंबाखूने पिवळे.
"होता. आम्ही सोडला."
मी लिहिले: राजा सोडला.
साहेबाने ओळ खोडली, बोरू मोडेस्तोवर.

नाव एलिशा थॅचर, गाव सेलम.
रमची पिंपे साठ, डांबर, लोखंडाच्या कांबी,
आणि खारवलेले मासे.
मुंबईला, खारवलेले मासे!
धक्क्यावरच्या कोळणींनी तोंडाला पदर लावला.
त्याला कळले असावे; तोही कानापर्यंत लाल झाला.

न्यायचा होता कापूस, चीनला.
चीनहून चहा.
ज्या चहाच्या पेट्या त्याच्या लोकांनी
एका रात्री खाडीत फोडल्या, तोच.
तू होतास?
"काठावर होतो. कंदील धरून.
आता विचारशील तर सगळेच होते म्हणतात."

तेवढ्याशा करासाठी? मी म्हणालो.
आमच्याकडे माडाला कर आहे, होडीला आहे,
मिठाला आहे.
त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग?"

माझा थोरला भाऊ ठाण्याच्या तटावर पडला, पेशव्यांकडून.
मी त्याच तटाच्या नव्या धन्याकडे, दरमहा सात रुपयांवर.
हे परक्याला कुठून सांगायला घेणार?
मी पिंपे पुन्हा मोजली. साठच होती.

लढाईत त्याची दोन गलबते जळाली,
तिसरे इंग्रजाने धरले. बायको तापाने गेली.
उरली एक पेटी, कागदी नोटांची,
त्याच्या नव्या सरकारने छापलेल्या.
बाजारगेटच्या आत वालजी सराफाने एक उजेडाला धरली,
वास घेतला, परत केली.
"हिच्यामागे कोण उभा आहे?"
"मी होतो," थॅचर म्हणाला.
वालजीने त्याला पान दिले. पैसे घेतले नाहीत.

खरे सांगतो, तोवर माणूस मला आवडला होता.

मग धक्क्यावर तो मुलगा उतरला.
बारा-तेरा वर्षांचा, हबशी, हातात मालकाची टोपी.
नाव पाँपी.
जकातीच्या वहीला बाजू दोन: असामी आणि नग.
मी बोरू बुडवला, विचारले, हा कुठे लिहू?
राजाला सोडलेला माणूस
टोपी घेण्यासाठी हात पुढे करत म्हणाला,
"बिनजकातीचा लिही."

तसा रकाना नव्हता.

मुलगा वहीत डोकावत होता.
मोडी त्याला काय कळणार,
तरी त्याने बोट ठेवले दोन्ही बाजूंच्या मधल्या रेघेवर.
शाई ओली होती. बोट काळे झाले म्हणावे
तर त्याचे बोट आधीच काळे;
रेघ तेवढी फिसकटली.

त्या रात्री घरी गोदीने पायावर पाणी घातले.
गोदी, आमची कुणबीण, माझ्या लग्नात आंदण आलेली,
दोन पितळी हंडे आणि समईबरोबर.
याद माझ्याच हातची आहे. समईच्या खालची ओळ.
विचारले, गोदे, तुझे गाव कोणते गं?
ती तांब्या धरून बराच वेळ उभी राहिली,
मग म्हणाली, "अजून घालू का पाणी?"

जहाज फाल्गुनात चीनकडे गेले.
कापूस चारशे गासड्या, रोख रियाल, बाकी काही नाही.
मासे परत गेले.
नग सगळे जुळले.
एक ओळ कोरी सुटली आहे, तिला वजाबाकी समजू नये.
दस्तुर खुद्द, गणबा शिवराम वेलकर.