मोजता येणारी क्रियापदं

शालिमारच्या शाळेत, वरच्या मजल्यावर,
पाच दिवसांचं प्रशिक्षण.
ठोंबरे बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले
आणि डावीकडचा पुसण्यासाठीच लिहिला:
समजेल. आवडेल. जाणवेल. रमेल.
"ही आराखड्यात नकोत.
मूल रमलं, हे तुम्ही कशानं मोजणार?"
उजवीकडे: उचलेल. दाखवेल. ओवेल. जुळवेल.
पाचपैकी चार वेळा,
कोणाच्या मदतीशिवाय,
मार्चअखेरपर्यंत.

आम्ही सत्तावीस जणी आणि एक निकम सर,
सगळ्यांनी उतरवून घेतलं.
सरांनी विचारलं, मार्चअखेरच का?
बाई म्हणाल्या, तेव्हा तुमचाही करार संपतो.
हसलो. थोडं उशिरा.

माझ्याकडे अकरा मुलं, चार शाळा,
एक पिशवी: मणी, दोरा, खरखरीत कागदाची अक्षरं,
एका कानाचा कापडी ससा.
रात्री ताटं उचलली की
ओट्यावरच फॉर्म पसरते.
हर्षली गांगुर्डे, वय नऊ.
सध्याची पातळी:
लाल-पिवळे मणी वेगळे करत नाही.
हाक मारल्यावर बघत नाही.
बोलत नाही.
तीन ओळी, तिन्हींच्या शेवटी नाही.
बाईंनी बजावलं होतं, नाहीनं सुरुवात करू नका,
जे येतं ते आधी लिहा.
जे येतं ते मी पाहिलंच कुठे होतं?

म्हणून बुधवारी सातपूरला गेले,
अशोकनगरला उतरून मागच्या गल्लीत.
वडील कंपनीत, दुसरी पाळी.
आई घरी किलोवर नट निवडून देते,
परातीत सहाचे, आठचे, दहाचे,
तेलकट, सगळे एकाच राखाडी रंगाचे.
हर्षली परातीला पाठ करून बसलेली.
हात मागे. न बघता
करंगळीचं टोक नटाच्या भोकाशी फिरवते,
टण्, या डब्यात. टण्, त्या डब्यात.
एक नट तिनं पुन्हा पुन्हा चाचपला
आणि फरशीवर वेगळा ठेवला.
आई म्हणाली, "त्याचे आटे गेलेत.
तिला कळतं. मला चष्मा लागतो."

मी पिशवीतले मणी बाहेर काढलेच नाहीत.
पेन्सिलीनं लिहिलं: स्पर्शानं आकार वेगळे करते.
वरचं नाही खोडायला गेले तर खोडेना,
ते मी शाईनं लिहिलं होतं.

तासाभरानं निघाले.
उंबऱ्याबाहेर उन्हात काढलेल्या माझ्या चपला
भिंतीकडेच्या सावलीत होत्या,
शेजारी शेजारी, टाचा जुळवून.
ही उठली कधी?
आई म्हणाली,
"येईल त्याच्या ठेवते. शिकवलं नाही कोणी."

आता रात्रीचे अकरा. फॉर्म समोर.
याला रकाना कुठला?
सामाजिक कौशल्य, दैनंदिन व्यवहार, की हाताची हालचाल?
सरकवते. हे मोजता येतं, बाई मान्य करतील.
पण त्याच्या पोटात जे दुसरं क्रियापद आहे,
डावीकडचं, पुसलेलं,
ते मी समासात बारीक लिहून ठेवते,
तपासणीआधी खोडता येईल असं.
पाचपैकी किती वेळा,
ते बघायला पुढच्या बुधवारी पुन्हा जायचंय.
ऊन असलं म्हणजे झालं.