हवेत किती, जमिनीत किती

दिंडोरी रोडवरच्या ऑफिसात पहाटेचे तीन.
पडद्यावर एक डोंगर खोकतो.
बेट लांबचं, यंत्रं तिथलीच,
माझ्याकडे येते ती नुसती रेघ.

भूकंपाची रेघ दार लाथेनं उघडते.
ही तशी नाही.
ही आधी गुणगुणते, मग फुगते,
नेमकी कुठं सुरू झाली
ते बोट ठेवून सांगता येत नाही.
मागाहून हवेतला आवाज पोचतो,
दुसऱ्या यंत्रावर, टोकदार,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

दोन्ही मोजायचे.
हवेत किती गेलं, जमिनीत किती राहिलं.
भागाकाराचा आकडा वाढला की समजायचं,
नरड्यातला बोळा सुटला.

हे गणित मी पस्तिशीत शिकले.
आप्पांना आधीच येत होतं.
सारूळच्या खाणीत सुरुंग भरायचे, यल्लप्पा धोत्रे.
सव्वाची शिट्टी, लाल फडकं,
सगळे ट्रकच्या आड,
आणि हे एकटे चप्पल काढून उभे.
"कान फाडणारा बार वाया गेला म्हण,
दारू हवेनं खाल्ली.
चांगला बार पायाला कळतो."
मग बोटं मिटत मोजायचे:
अकरा भरले, अकरा फुटले.

तो दगडही कधीकाळी भेगांतून वर आलेला,
साडेसहा कोटी वर्षांमागं, थरावर थर.
तेव्हा रेघ ओढायला कुणी नव्हतं.

तळघरात जुने कागदी रोल आहेत.
चहाच्या सुट्टीत एकदा तो दिवस उलगडला.
सव्वाला नेहमीची झुडपं,
दहा होती की अकरा, शाईत मिसळून गेलेली.
आणि एक वाजून एक्केचाळीसला
एकच बारीक काटा.
त्याच्या शेजारी कुणाचं तरी वळणदार अक्षर:
खाण. वगळा.

त्या दुपारी आप्पांना ताप होता.
मोजायला दुर्गाप्पाकाका गेला होता.

आप्पा त्यावर एवढंच म्हणाले, "राहिला होता एक."
नंतर सतरा वर्षं काही नाही.
घरात अनवाणी चालायचे,
फरशीवर पाय टेकवून थांबायचे मधेच.
मी भागाकार करून पाहिलाय:
हवेत शून्य.

पाच वाजले. डोंगर पुन्हा खोकतो.
आकडा किंचित वर सरकलाय.
बेटावर फोन लावते. रिंग जातेय.
टेबलाखाली माझ्या चपला कधी निघाल्या, कळलं नाही.