घट

तीस वर्षं सेलममध्ये भट्टीपुढे बसलो.
सोनं हातात आलं की कसोटीवर एक रेघ,
रेघेवर तेजाबाचा थेंब,
आणि सांगायचं, ह्यात तांबं आहे.
माझा टंच कधी चुकला नाही.
तिकडचे सराफ म्हणायचे, मराठी सेठला दाखवा.
हे मी विट्यात परतल्यावर पुष्कळांना सांगितलं.
शालनला तर रोज.

संध्याकाळी ती पडवीत लसूण सोलत बसायची,
उजव्या अंगाला दार.
मला जागा उरायची ती डावीकडे.
मी बोलायचो, ती सोलायची.
मी विचारायचो, ती पाकळी उलटून बघायची.
मनाशी नोंद करून टाकली:
एकटी राहून राहून बाई कडू झाली.
इतका टंच, इतकी खोट.

एकदा मगदूमांची अन्विता विरजण मागायला आली.
माझ्यासमोरून वळसा घालून
दाराकडच्या अंगाला उभी राहिली, हळूच म्हणाली,
"आजी, विरजण."
शालननं लगेच मान वर केली.
"माझं ऐकत नाही, तुझं कसं ऐकते गं?"
"त्या कानानं आजीला ऐकूच येत न्हाई की,
सगळ्यास्नी ठाऊक हाय."

सगळ्यांना.
दूधवाल्याला, पोस्टातल्या बाईला,
गिरणीतल्या त्या पोराला,
जो पट्टा फिरत असताना तिच्याशी खुणेनं बोलतो.

रात्री मी फिरून पलीकडे गेलो.
"कवापासनं?"
"अकरा वर्सं झाली. पू झाल्ता.
फोनवर सांगितलं हुतं की तुमास्नी."
"मी काय म्हणालो?"
"म्हणालात, तेल सोड. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आठवलं.
मोडीत आलेली साखळी, कडी तुटलेली.
त्या दिवसाचा भावसुद्धा आठवला.
फोन आठवला नाही.

आम्ही गलाईवाले केरही फेकत नाही.
वर्षाची धूळ, राख, फुटक्या मुशी,
अंगातल्या घामट बंड्यासुद्धा
जाळून, धुऊन, गाळून
कणभर का होईना, पिवळं काढतो.
मग तीस वर्षांचे फोन मी कुठे झाडून टाकले?
झोप लागेना. चाळत बसलो.
"हिकडं बरं हाय." हे पुष्कळ.
"तुमचं चालू द्या." हेही.
एकदा, बहुतेक श्रावणात,
तिकडून नुसता श्वास,
आणि मी म्हणालेला, हॅलो, हॅलो,
लाइन खराब आहे.

एकसष्टाव्या वर्षी माणूस सहज मुशीत उतरत नाही.
उतरला तरी आधी तापतो,
वितळतो फार उशिरा.
पहिले तीन दिवस मी उजवीकडे बसून
त्याच गोष्टी सांगितल्या, सराफांच्या, टंचाच्या.
चौथ्या दिवशी शालन म्हणाली,
"ह्यापरास डावीकडंच बरं हुतं."

मग एक गड्डा मीही ओढला.
नखं जळजळली. पाकळ्या चेपल्या.
बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली,
बोअर मारली त्या रात्रीचं.
दोनशे फूट कोरडं, अडीचशे कोरडं,
गाडीवाला म्हणतो बास आता,
ही म्हणते, अजून एक पाइप.
दोन वाजता पाणी उडालं.
"सांगायला जवळ कोण न्हवतं.
त्या गाडीवरच्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या.
तुमच्या सेलमकडचीच हुती ती."

मी काही म्हणालो नाही.
म्हणावंसं वाटलं होतं,
अडीचशेनंतर रेट कितीचा लावला.

वितळवलं की घट येतेच,
थोडं धुरात जातं, थोडं मुशीला चिकटतं.
आजवर ती मी गिऱ्हाइकाच्या नावावर धरली.

अजून सवय जात नाही.
चहाचा कप घेऊन येतो आणि डावीकडेच टेकतो,
बोलायलाही लागतो.
शालन लसणाचं सूप खाली ठेवते,
माझं कोपर धरते,
आणि गोठ्यात म्हैस वळवावी तसं
मला पलीकडे नेऊन बसवते.