शीरगणती

कोर्स पंचेचाळीस मिनिटांचा.
सोहारच्या बंदरामागे, कंट्रोल रूममध्ये,
रात्रपाळीच्या तिसऱ्या चहाला मी तो उघडतो.
भिंतीवर सोळा पडदे: टाक्या, गेट, पंपघर, कॅम्प.
सतराव्यावर, म्हणजे माझ्या मोबाइलवर,
एक बाई अतिशय शांतपणे सांगते आहे
की घाबरू नये.

मॉड्यूल चौथे. सुरक्षित जागी जमणे आणि शीरगणती.
चित्रातल्या माणसांना चेहरे नाहीत.
पिवळी हेल्मेटं, रांग, हिरवी पाटी.
कुणाची चप्पल तुटत नाही,
कुणी पासपोर्टची पिशवी शोधत बसत नाही,
कुणी बायकोशी फोनवर नसतं.
'पुढे' हे बटण अजून राखाडी.
सगळं ऐकल्याशिवाय ते उजळत नाही.

आई म्हणते, पंगतीत माणसं मोजू नयेत, दृष्ट लागते.
पाट मोज, भाकऱ्या मोज, हवं तर.
मी माणसं मोजायचा पगार घेतो, अकरा वर्षं.
घरी नीट सांगितलेलं नाही.
'सेफ्टीत आहे' म्हणतो, ती समजते वॉचमन.

त्या वादळात वादीला पाणी आलं.
(वादी म्हणजे कोरडी नदी.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोर्टातला वाटला होता.)
कॅम्पातून एकशे चौदा जण टेकाडावर आणले.
खल्फानच्या पिकअपचे दिवे लावून मोजलं: एकशे तेरा.
बंगाली, मल्याळी, नेपाळी वेगळे बसवून पुन्हा मोजलं.
एकशे तेरा.
पाऊस तोंडात जात होता, आकडे गिळावे लागत होते.

भटारखान्याचा मोतालेब नव्हता.
'गॅस,' कुणीतरी म्हणालं. 'गॅस बंद करायला गेला.'

तो उजाडताना आला,
छातीएवढ्या पाण्यातून, डोक्यावर भाताचं पातेलं.
मी त्याला मिठीबिठी मारली नाही.
कानफटात देणार होतो, हात वर झालाच होता,
त्या हातात त्यानं झाकण दिलं.
'धरा, साहेब.'

फॉर्मवर दोनच रकाने, हजर आणि बेपत्ता.
खाडाखोड करून मी त्याला इकडून तिकडे नेला.
भात कुठे लिहायचा, ते नव्हतं.

प्रश्न सातवा.
एक कामगार गॅस बंद करण्यासाठी इमारतीत परत जातो. हे
अ) योग्य
ब) अयोग्य
क) वरिष्ठांच्या परवानगीने योग्य
ड) सांगता येत नाही.
वेळ चाळीस सेकंद.

उत्तर मला येतं. दर गुरुवारी मीच शिकवतो,
मोडक्या हिंदीत, हातवारे करून.
परत गेलेले सगळेच पातेलं घेऊन येत नाहीत.
त्यांचीही नावं मला पाठ आहेत.
बोट बराच वेळ 'ड'वर होतं.
एकतीस. बत्तीस.
ब.

शाब्बास, तोडणकर, म्हणते बाई. हिरवी टिकली उमटते.
गुण नव्वद. प्रमाणपत्र तयार होत आहे, कृपया थांबा.
तोवर एक चौकट उघडते:
कोर्स कसा वाटला? दोनशे अक्षरांत.

मी लिहितो:
छान. बाईंचा आवाज चांगला.
कॅम्प नंबर तीनच्या भटारखान्यात
गॅसचा कॉक चुलीच्या मागे आहे.
तो भिंतीबाहेर, दाराशी, हात पोचेल तिथे आणावा.
म्हणजे कुणाला आत जावं लागणार नाही.
ही मागणी तीनदा के

अक्षरं संपतात.
कुठल्या देशात कोण वाचणार, देव जाणे.
पाठवतो.

चार वाजून दहा. बाराव्या पडद्यावर
भटारखान्याचा दिवा लागतो,
कुणीतरी वाकून चुलीच्या मागे हात घालतं.
आईचं ऐकायचं म्हटलं तरी
डोळे मोजतातच.
एक.