कंबर अडतीस

एकोणीस वर्षं मी त्याची कंबर मोजली.
बत्तिसापासून अडतीसपर्यंत
शिवणीत दाबलेलं कापड दरसाल थोडं थोडं सोडत गेले;
देशाला वाटायचं, डॉक्टर सेलोआने आहे तस्सा आहे.

रँडबर्गच्या स्टुडिओच्या फाटकावर
जुलैतल्या कोरड्या गारठ्यात, सकाळी सहाला,
लेफा मोकेटेचं कार्ड यंत्रानं ओळखलं नाही.
दोनदा लावलं. तिसऱ्यांदा बाहीला पुसून लावलं.
पहारेकरी खाली बघत राहिला.
हाच पहारेकरी वर्षानुवर्षं
गुडघ्याचं दुखणं त्याला दाखवायचा
आणि लेफाही चक्क गुडघा दाबून बघायचा,
म्हणायचा, मीठ कमी करा.

पाकीट हातात दिलं आणि गाडी वळवायला लावली.

मग लेखकांनी एका रात्रीत डॉक्टरला मारलं.
ड्रेकन्सबर्गच्या धुक्यात हेलिकॉप्टर. प्रेत सापडत नाही.
तरी एक दृश्य उरलं होतं, पाठमोरं,
धुक्याकडे चालत जाणारं.
त्यासाठी एक हडकुळा पोरगा आणला,
राखाडी कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा.
पाठ दिसणार, म्हणून टाचण्या पुढून मारल्या, छातीवर. नऊ.
हलू नकोस, म्हटलं, टोचतील.
तो म्हणाला, मामा, माझी आई सकाळपासून रडतेय.
कोटात मी असणार हे तिला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सोवेटोच्या टॅक्सीत पंधरा माणसं
आणि सोळावा तोच.
कुणी म्हणे, पगार वाढवून मागितला.
कुणी म्हणे, मालकांच्या डोळ्यांत खुपायला लागला होता.
पुढच्या सीटवरची बाई म्हणाली,
जिनं त्याच्यावर आळ घेतला तिची जीभ झडो.
भाड्याचे सुटे पैसे पुढे सरकवायचे होते.
मी तिच्याच हातात दिले.

तीन नंबरची खोली. दोन माणसं, एक पाण्याचा पेला.
काय पाहिलंत?
हँगरांच्या रांगेतून दिसतं तेवढं:
पुसेलेत्सोची मान, त्याची बोटं,
इस्त्रीच्या टेबलाला टेकलेली तिची पाठ.
इस्त्री चालू होती.
मी आधी वास घेतला, कापड जळतंय का.
हे नाही सांगितलं त्यांना.
आणि हेही नाही, की आधीच्या दोन मुलींच्या वेळी
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
शिंपिणीच्या असतातच.

माझ्या थोरल्याच्या शवपेटीचे पैसे लेफानं दिले होते,
न मागता, रुमालात गुंडाळून.
तो रुमाल मी धुऊन परत केला होता.
हे त्यांनी विचारलंच नाही.

पुसेलेत्सो डर्बनला एका बेकरीत आहे म्हणतात.
फोन लावते. वाजत राहतो.

काल रात्री त्याचा आला.
सही कुणाची होती हे त्याला ठाऊक नाही,
किंवा आहे.
"मामा झोलेका, तो राखाडी कोट...
टाकून देणार असाल तर."
मी म्हटलं, टाचण्या काढायच्यात अजून.

मग तो थांबला.
हे थांबणं मला पाठ आहे:
मोठ्या वाक्याआधी तीन श्वास,
आणि घराघरांत चहाचे कप ओठांपाशी अडलेले.
मी मोजले. एक. दोन. तीन.

चौथा.

कुठलं तरी कुत्रं भुंकलं,
त्याच्याकडचं की माझ्याकडचं, कळलं नाही.